हरणाचं मटण, अस्वलाचे कबाब आणि डोळ्याला न दिसणारी अळी

नोव्हेंबर लागला की अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या पट्ट्यात हरणांच्या शिकारीचा सीझन जोरात असतो आणि मग ऑफिसातला एखादा सहकारी अगदी प्रेमानं पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं फ्रोझन हरणाचं मटण आपल्या मराठी माणसाच्या हातात ठेवतो. नाही म्हणणं बरं दिसत नाही, शिवाय उत्सुकता असतेच, आजोबांच्या तोंडून शिकारीच्या गोष्टी ऐकलेल्या असतात पण ताटात कधी आलेलं नसतं. घरी आणलं की पहिला प्रश्न येतो, यात जंत-बिंत नसतील ना रे? आणि त्यावर ठरलेलं उत्तर, नीट बघून घेऊ की, काही दिसलं तर टाकून देऊ.

हे जे "बघून घेऊ" आहे ना, तेच मुळात उपयोगाचं नाही. रानातल्या जनावराच्या मांसात जे डोळ्याला दिसतं, बघून शिसारी येते, ते बहुतेक वेळा माणसाला काहीच करत नाही, आणि जे खरोखर हॉस्पिटलात नेऊन टाकतं ते मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात, पाठ करावे लागत नाहीत.

आधी दिसणाऱ्यांचं उरकून टाकू. हरणाची कलेजी कापली की कधीकधी आतून चपटे, जांभळट-तपकिरी, दोन-तीन इंच लांबीचे कृमी निघतात. हा लिव्हर फ्लूक. दिसायला भयानक, पण उत्तर अमेरिकेतल्या हरणांत सापडणारी ही मोठी जात माणसाच्या अंगात काही घर करत नाही. कलेजी लोक टाकून देतात ते बरोबरच आहे, कोण खाईल, पण त्यासाठी अख्खं हरीण टाकायची गरज नसते. हरणाच्या नाका-घशात पांढुरक्या जाड अळ्या सापडतात, त्या एका माशीच्या अळ्या, मांसाशी त्यांचा संबंध नाही. रानबदकाच्या छातीचं मांस सोललं की कधी त्यात पांढरे लांबट दाणे पेरलेले दिसतात, तिकडचे शिकारी त्याला राइस ब्रेस्टच म्हणतात, तेही सार्कोसिस्टिस नावाच्या परजीवीचे कोष, नीट शिजवलं तर माणसाला धोका नाही. तरी लोक असलं बदक खात नाहीत, आणि मीही खाणार नाही, प्रश्न धोक्याचा नाही, मनाचा आहे.

आता न दिसणाऱ्याकडे येऊ. यासाठी अस्वलाची एक केस सांगतो, अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, २०२४ मध्ये ती छापली आणि मग जगभरच्या पेपरांत आली.

जुलै २०२२, साउथ डकोटा. तीन वेगवेगळ्या राज्यांतून नऊ नातेवाईक एकत्र जमले. त्यातल्या एकानं मे महिन्यात कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या उत्तर भागात काळं अस्वल मारलं होतं. शिकारीची व्यवस्था करणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की मांस फ्रीझ कर म्हणजे त्यातले परजीवी मरतात, आणि त्यानं ते इमानेइतबारे केलं, ४५ दिवस घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. मग बाहेर काढून वितळवलं, तुकडे सळईवर लावले, भाज्यांसोबत ग्रिलवर कबाब केले. अस्वलाचं मांस मुळातच गडद, काळपट लाल, त्यामुळे आतून शिजलंय की नाही ते रंगावरून कळेना. काही जणांनी खायला सुरुवात केल्यावर लक्षात आलं की अरे हे कच्चं आहे, मग परत ग्रिलवर चढवलं, परत वाढलं.

त्यानंतर एका २९ वर्षांच्या माणसाला ताप, प्रचंड अंगदुखी आणि डोळ्यांभोवती सूज. डॉक्टरांकडे चकरा झाल्या, दोनदा ॲडमिट झाला, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि दुसऱ्यांदा ॲडमिट असताना कुठे अस्वलाचा विषय निघाला. चौकशी केल्यावर एकूण सहा जण बाधित निघाले, त्यात १२ वर्षांची एक मुलगी. तिघांना हॉस्पिटलात राहावं लागलं. आणि यातली मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट म्हणजे त्या सहापैकी दोघांनी मांसाला हातसुद्धा लावला नव्हता, त्यांनी फक्त त्याच मांसासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. म्हणजे आपला एखादा शाकाहारी भाऊ "मी नुसती सिमला मिरची नि कांदा काढून घेतो" म्हणाला असता तर तोही अडकला असता. उरलेलं मांस फ्रीझरमध्येच होतं, ते लॅबमध्ये तपासलं तर ११० दिवस गोठलेलं असूनही त्यात अळ्या जिवंत होत्या, वळवळत होत्या.

या अळीचं नाव ट्रायकिनेला. आजाराचं नाव ट्रायकिनोसिस किंवा ट्रायकिनेलोसिस, दोन्ही चालतात.

ती नेमकं काय करते ते बघण्यासारखं आहे. संक्रमित जनावराच्या स्नायूच्या पेशीच्या आत ही अळी जिलबीसारखं वेटोळं घालून बसलेली असते, भोवती एक कवच, आणि गंमत म्हणजे ती पेशी ती मारत नाही, तिला स्वतःच्या सोयीनं बदलून घेते, भोवती रक्तवाहिन्यांचं जाळं तयार करून घेते आणि आतल्या आत वर्षानुवर्षं राहू शकते. असं मांस आपण खाल्लं की आपल्या जठरातलं ॲसिड ते कवच विरघळवतं, म्हणजे तिला बाहेर काढायचं काम आपणच करतो. मग ती लहान आतड्याच्या अस्तरात शिरते, काही दिवसांत प्रौढ होते, नर-मादी जुळतात, आणि मादी अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं सोडायला लागते, शेकड्यांनी, काही आठवडे. ही पिल्लं रक्तातून अंगभर फिरतात आणि स्नायू गाठतात, तेही सतत काम करणारे, भरपूर रक्तपुरवठा असणारे स्नायू जास्त आवडीचे. श्वास घ्यायचा पडदा म्हणजे डायफ्रॅम, जीभ, जबडा, डोळे फिरवणारे बारीक स्नायू.

त्यामुळे लक्षणंही दोन टप्प्यांत येतात. पहिले दोन-चार दिवस पोट बिघडतं, मळमळ, जुलाब, आणि सगळे म्हणतात काल जास्त झालं. मग पिल्लं फिरायला लागली की, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, ताप, स्नायूंत असह्य दुखणं, डोळ्यांभोवती सूज, थकवा. मोजक्या अळ्या गेल्या असतील तर काहीच होत नाही, कळतही नाही. जास्त गेल्या तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, मेंदूपर्यंत त्रास जाऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा आजार लागत नाही, ती भीती ठेवू नका.

आता फ्रीझरचा घोटाळा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. "गोठवलं की मरतात" हे वाक्य खोटं नाही, अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. डुकराच्या मांसात जी नेहमीची जात असते, ट्रायकिनेला स्पायरॅलिस, ती थंडीत मरते, सहा इंचांपेक्षा कमी जाडीचा तुकडा उणे १५ डिग्री सेल्सियसला २० दिवस ठेवला तर पोर्क सुरक्षित होतं असा अमेरिकन शेतीखात्याचा नियमच आहे. हा नियम पोर्कचा. तो तोंडातोंडी फिरत "सगळ्या मांसाचा" झाला. साउथ डकोटाच्या त्या अस्वलात निघाली ती जात ट्रायकिनेला नेटिव्हा, आर्क्टिक आणि त्याच्या आसपासच्या थंड मुलखातली. तिकडे अस्वल, कोल्हा, लांडगा मेला की त्याचं मढं महिनोन्‌महिने गोठून पडतं आणि मग दुसरा कोणी भुकेला प्राणी येऊन ते खातो. ज्या अळ्या त्या थंडीत मेल्या त्यांचा वंश तिथेच संपला, ज्या तगल्या त्या पुढच्या पोटात गेल्या, असं किती पिढ्या झालं असेल विचार करा. अशा अळीला आपल्या किचनमधल्या उणे १८ च्या फ्रीझरचं काय कौतुक.

फ्रीझरचं जे, तेच मिठाचं, धुराचं आणि वाळवण्याचं. १९९५ मध्ये आयडाहो राज्यात एकानं कूगर म्हणजे डोंगरी सिंहाची शिकार केली, त्या मांसाची जर्की केली, मीठ लावून धुरावर धरून सुकवलेल्या पट्ट्या, मित्रमंडळींत वाटली, आणि १० जण ट्रायकिनोसिसनं आजारी पडले. तुम्ही घरी दही, व्हिनेगर, लिंबू, हळद, आलं-लसूण लावून रात्रभर मुरत ठेवलं तरी आतल्या अळीला त्याचा पत्ता लागत नाही, मसाला मांसाला लागतो, अळीला नाही. मायक्रोवेव्हचाही भरवसा नाही कारण तो एकसारखं तापवत नाही, एका कोपऱ्यात वाफा निघतायत आणि दुसरा कोपरा कोमट असं होतं.

चालतं ते एकच, उष्णता, आणि तीसुद्धा आतपर्यंत पोचलेली. रानातल्या जनावराचं मांस आतून ७४ डिग्री सेल्सियसला, म्हणजे १६५ फॅरनहाइटला पोचलं पाहिजे. आतून म्हणजे सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यभागी, हाडाला न टेकवता थर्मामीटरची सुई खुपसून. १०-१५ डॉलरला मिळतो असला थर्मामीटर. रंग बघू नका, पाणी लाल येतंय की पांढरं ते बघू नका, त्या नऊ जणांनीही रंगच बघितला होता.

आणि इथे आपल्या मराठी स्वयंपाकाचं जरा कौतुक करायला हवं. आपण मटण जसं करतो, आधी वाफवून, मग कुकरला शिट्ट्या, मग वाटण परतून तासभर रटरटत ठेवलेला रस्सा, त्यात कुठली अळी वाचायची? प्रेशर कुकरच्या आत पाणीसुद्धा १२० डिग्रीच्या आसपास जातं, ७४ कधीच मागे पडलेलं असतं. हरणाचं मटण मुळात चरबी नसलेलं, पटकन वातड होणारं, म्हणून त्याला कुकर आणि भरपूर रस्सा मानवतोही. आपण अडकतो ते तिकडची पद्धत उचलतो तेव्हा. हरणाचा स्टेक मीडियम रेअरच, म्हणजे आतून अर्धकच्चाच, खायचा असतो, पूर्ण शिजवला तर गावंढळ म्हणतील असं कोणीतरी सांगतं, बॅकयार्डात ग्रिल पेटलेलं असतं, अंधार पडलेला असतो, हातात बिअर असते, कबाब बाहेरून खरपूस झालेला दिसतो आणि आतून गुलाबी राहतो. हरीण असो की अस्वल, तुम्ही ते साधं सुकं करा, पाहुणे बोटं चाटतील.

ही अळी कुठल्या प्राण्यात असते याचं गणित सोपं आहे, ज्यानं दुसऱ्याचं मांस खाल्लं त्याच्यात. अस्वल, रानडुक्कर, कूगर, लांडगा, कोल्हा, वॉलरस. रानडुक्कर तर काहीही खातं, कंदमुळं, मेलेलं जनावर, उंदीर, सगळं. हरीण पाला खातं, म्हणून हरणात ट्रायकिनेला जवळजवळ नसतोच. पण म्हणून हरीण मोकळं सुटत नाही, त्याच्यात टोक्सोप्लाझ्मा असू शकतो.

टोक्सोप्लाझ्मा हा कृमीही नाही, एका पेशीचा जीव. मांजरीच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतो, मातीत, गवतात, पाण्यात टिकून राहतो, हरीण ते गवत खातं आणि मग त्याच्या मांसात सूक्ष्म कोष तयार होतात. अर्धवट शिजवलेलं हरणाचं मटण खाऊन शिकाऱ्यांचा अख्खा गट तापानं आडवा झाल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्यात. धडधाकट माणसाला बरेचदा काही जाणवतही नाही, किंवा फ्लूसारखं काहीतरी होतं, मानेत गाठी येतात, जातं. पण घरात कोणी गरोदर असेल तर हा विषय एकदम वेगळा होतो, कारण गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर ती बाळापर्यंत जाऊ शकते, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय, किडनी ट्रान्सप्लांटवाले, केमोवाले, त्यांनाही धोका. यांच्या ताटात नीट शिजलेलंच जाऊ द्या आणि कच्चं कापायचं, धुवायचं काम दुसऱ्या कोणीतरी करा, तेही ग्लोव्हज घालून. टोक्सोप्लाझ्माचे कोष फ्रीझरमध्ये काही दिवसांत बरेचसे मरतात, म्हणजे हरणाच्या बाबतीत फ्रीझरचा थोडा उपयोग आहे, पण त्यावर विसंबून मीडियम रेअर खायचं नाही.

हे सगळं माणसाला कळलं कसं तीही गोष्ट भारी आहे. १८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात जेम्स पॅजेट नावाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्रेताची चिरफाड शिकत होता, स्नायूंत बारीक पांढरे ठिपके दिसले. बाकीच्यांनी असले ठिपके बघून सोडून दिले होते, यानं भिंगाखाली धरले तर आत वेटोळं घातलेली अळी. तिचं रीतसर वर्णन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केलं, पण तेव्हा सगळ्यांना वाटलं की असेल काहीतरी निरुपद्रवी. पुढची २५ वर्षं असंच गेली. १८६० मध्ये ड्रेस्डेनला एक तरुण मोलकरीण टायफॉइड समजून ॲडमिट झाली आणि वारली. फ्रीड्रिख झेंकर या डॉक्टरांनी शव तपासलं तर स्नायू अळ्यांनी भरलेले आणि आतड्यात प्रौढ कृमी, मग माग काढला तर तिनं जिथे काम केलं त्या घरी ख्रिसमसच्या सुमाराला कापलेल्या डुकराच्या हॅम-सॉसेजमध्येही त्याच अळ्या. तेव्हा कुठे दोन टोकं जुळली. १८६५ मध्ये जर्मनीतल्या हेडर्सलेबेन गावात ३३७ जण आजारी पडले आणि १०१ मेले, एका छोट्या गावात. रुडॉल्फ विर्खो या नावाजलेल्या जर्मन डॉक्टरांनी मग मांसतपासणी सक्तीची करा म्हणून रान उठवलं, आणि खाटकांचा राग ओढवून घेतला, साहजिक आहे.

डुकराच्या डायफ्रॅमचे बारीक तुकडे दोन काचांमध्ये दाबून मायक्रोस्कोपखाली बघायचे, अशी ती तपासणी. आता पद्धत बदललीय, मांसाचा नमुना पेप्सिन (जठरातलं प्रोटीन पचवणारं द्रव्य) आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घालून, गरम ठेवून ढवळतात, म्हणजे थोडक्यात लॅबमध्ये पोटच तयार करतात, मांस विरघळतं आणि अळ्या असतील तर तळाशी सापडतात. जर्मनीत आजही रानडुक्कर मारलं की खाण्याआधी ही तपासणी करावीच लागते, त्यामुळे तिकडे स्टुटगार्ट-म्युनिकला राहणाऱ्या मंडळींनी दुकानातून विल्डश्वाइन आणलं तर ते तपासलेलं असतं. अमेरिकेत स्वतः मारलेल्या अस्वलाला असली सक्ती नाही, तिथे जबाबदारी खाणाऱ्याची. आणि फार्मवरच्या पोर्कचं म्हणाल तर उगाच बदनाम आहे बिचारं, अमेरिकेत १९४० च्या दशकात वर्षाला ४०० च्या आसपास केसेस व्हायच्या, आता वर्षाला १५-२० च्या घरात असतात आणि त्यातल्या बऱ्याच शिकारीच्या मांसाच्या. डुकरांना कच्चं खरकटं, मांसाचे तुकडे घालणं बंद केलं, हे त्याचं मोठं कारण.

बरं, आता मांस हाताळायचं. कोणी तुम्हाला ताजं दिलं तर विचारून घ्या की किती वेळात थंड केलं, कारण परजीवी बाजूला राहू द्या, आतडं फुटून घाण मांसाला लागली असेल किंवा जनावर तासन्‌तास उन्हात पडलं असेल तर बॅक्टेरियाच आधी गाठतात. फ्रोझन असेल तर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवून वितळवा, ओट्यावर नाही, आणि वर कोशिंबिरीचा डबा असेल तर तो वरच राहू द्या. कच्च्या मांसाला वेगळी सुरी, वेगळा बोर्ड. त्या ग्रिलवरच्या भाज्या आठवा, भाजी आणि मांस एकाच सळईवर लावायचंच असेल तर भाजीलाही मांसाएवढंच शिजू द्यावं लागेल, नाहीतर सरळ दोन वेगळ्या सळया आणि दोन वेगळे चिमटे. ज्या ताटातून कच्चे तुकडे ग्रिलपर्यंत नेले त्याच ताटात भाजलेले परत घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे, ती मोडा.

धुण्याबद्दल भांडण नको. अमेरिकेतले तज्ज्ञ सांगतात कच्चं मांस नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात. आपल्या घरात मटण न धुता शिजवलं तर आई पंगतीतून उठून जाईल. मग निदान हलक्या धारेखाली धुवा आणि नंतर सिंक, नळाची मूठ, ओटा गरम साबणाच्या पाण्यानं घासून काढा. धुण्यानं अळी जात नाही एवढं मात्र लक्षात असू द्या.

खिम्याचं जरा वेगळं. अख्ख्या तुकड्यात अळी जिथे आहे तिथे आहे, खिमा केला की एका कोपऱ्यातलं सगळ्या पातेल्यात पसरतं, आणि मशीनच्या पात्यांत, जाळीत कण अडकून राहतात. शिकारी लोक बरेचदा अस्वलाच्या किंवा रानडुकराच्या मांसात साधं पोर्क मिसळून सॉसेज करतात, तुम्हाला पाकिटावर फक्त सॉसेज लिहिलेलं मिळतं. देणाऱ्याला सरळ विचारा, आत काय काय आहे, लाजू नका. कच्च्या खिम्यातलं मीठ-तिखट बघायला जिभेवर ठेवू नका, एक छोटी टिक्की तव्यावर भाजून बघा.

ससा सोलायचा असेल तर ग्लोव्हज घालाच, कारण सशाकडून टुलरेमिया नावाचा बॅक्टेरियाचा आजार हाताच्या बारीकशा चिरेतूनही लागू शकतो. आणि हरणाच्या बाबतीत अमेरिकेत अजून एक नाव ऐकाल, सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा आजार. तो परजीवी नाही, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनचा प्रकार आहे आणि शिजवून तो नष्ट होत नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी ज्या भागात हा आजार आहे तिथलं हरीण तपासून घ्या आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका असा सीडीसीचा सल्ला आहे. कुकरच्या शिट्ट्यांचा इथे उपयोग नाही, म्हणून देणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांत हाही एक घाला, टेस्ट केलं होतंस का?

घरी कुत्रा असेल तर कापताना उरलेलं कच्चं फुप्फुस, कलेजी त्याच्यासमोर टाकू नका. मूस, एल्क अशा मोठ्या हरणांच्या फुप्फुसांत पाण्यानं भरलेल्या गाठी सापडतात, त्या एकायनोकॉकस नावाच्या छोट्या टेपवर्मच्या. तुम्ही ती गाठ बघितली, चुकून शिजवून खाल्लीसुद्धा, तरी तुम्हाला तो आजार होत नाही. पण कुत्र्यानं कच्ची खाल्ली तर त्याच्या आतड्यात टेपवर्म वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, आपण त्याला कुरवाळतो, आणि तीच गाठ माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तयार होते. आपल्याकडे मेंढरं आणि कुत्रे जिथे एकत्र असतात तिथे हेच चक्र चालतं, या गाठीचं, म्हणजे हायडॅटिड सिस्टचं, ऑपरेशन झालेलं कोणीतरी तुमच्या ऐकण्यात असेलही.

भारतात राहून हे वाचताय त्यांच्यासाठी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार गुन्हा आहे, तेव्हा "गावाकडून रानडुकराचं आलंय" असं कोणी कानात सांगितलं तर आधी कायद्याचा प्रश्न आहे आणि मग अळीचा. अळीचा प्रश्न खरा आहे पण, उत्तराखंडात कच्चट राहिलेलं डुकराचं मांस खाऊन गावातल्या लोकांना ट्रायकिनोसिस झाल्याची नोंद आहे. आणि चोरून आणलेलं मांस घाईत, अंधारात, शेतात शेकोटीवर भाजून संपवलं जातं, म्हणजे नेमकी तीच पद्धत ज्यात आतून कच्चं राहतं.

एवढं करूनही कधी शंका आलीच, म्हणजे असलं मांस खाल्ल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंग मोडून येणं, डोळे सुजणं असं काही झालं, तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की अस्वल किंवा रानडुक्कर खाल्लं होतं, कारण ते विचारणार नाहीत. फ्लू म्हणतील, भारतातून नुकतेच आला असाल तर डेंग्यू-टायफॉइडच्या मागे लागतील. सीबीसी या साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल खूप वाढलेले दिसले की ॲलर्जी म्हणून सोडून देऊ नका. औषध म्हणाल तर आल्बेंडाझोल, तीच गोळी जी जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना देतात, पण म्हणून घरातली पट्टी काढून एक गोळी घेऊन गप्प बसू नका. इथे डोस जास्त, दिवस जास्त, सोबत स्टेरॉइड लागू शकतं, आणि अळ्या आतड्यात असतानाच ती नीट काम करते, एकदा स्नायूत जाऊन बसल्या की तिचा जोर कमी पडतो, म्हणून उशीर करण्यात अर्थ नाही. आणि घाबरून फ्रीझरमधली उरलेली पाकिटं कचऱ्यात फेकू नका. नीट गुंडाळून, वर "खाऊ नये" लिहून ठेवा आणि आरोग्य खात्याला विचारा, साउथ डकोटाच्या केसमध्ये अळीची जात लॅबला कळली ती फ्रीझरमधल्या उरलेल्या मांसामुळेच.